वाघजाईच्या घाटातला घोट

मार्गशीर्षातली सकाळ. सह्याद्रीच्या सावळ्या खांद्यांवरून धुकं उतरत होतं, शुभ्र, संथ, निःशब्द; आणि त्या धुक्यातून कोंडाबाई उतरत होती, ताठ, तिखट, अनवाणी. इंग्रजाची सडक अजून या घाटाला शिवली नव्हती. इथे होती बकरीच्या खुराएवढी वाट. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला आभाळ.

पोटाशी, लुगड्याच्या झोळीत, आईवेगळी नात. सून बाळंतपणात गेली. खाली कोकणात सुनेची बहीण ओली बाळंतीण. तिच्या ओटीत हा जीव घालायचा, म्हणून ही पायपीट. पुढे कोयता घेऊन लेक रावजी, मागे दुभती शेळी.

खिंडीत वाघजाईचा शेंदूरमाखला तांदळा, देवी म्हणून पुजलेला गोल धोंडा. घाट उतरणाऱ्याने तिला दुधाची धार द्यायची, हा रिवाज. पण कोंडाबाईचा हात कधी धारेवर थांबला होता? तिने नातीसाठी काढलेल्या दुधाचा अख्खा तांब्या ओतला.

"आई, घोटभर ठेव की नातीला."

"मला शिकवतोस? देवीला काय थेंब दाखवायचा? शेळी काय पळून चाललीय?"

शेळी पळाली नाही. पण दोन वळणं खाली झाडीतून वाघाचा उग्र, ओला दर्प आला, आणि तिने पान्हा चोरला. चुचकारलं, चोळलं, सात पिढ्या उद्धरल्या, आचळ कोरडंच. ऊन चढलं. वाळल्या गवताचं सोनं कड्याकड्यांवर सांडलं, आणि त्या एवढ्या सोन्यात एक घोट दूध नव्हतं. नातीचं रडणं आधी टाहो होतं, मग हुंदका, मग नुसता श्वास.

तेवढ्यात वाटेने एक गवळी-धनगरीण आली. डोईवर गवताचा भारा, पाठीशी बांधलेलं तान्हं. रावजीने घडलं ते चाचरत सांगितलं.

"देवीला पाजलंस आन् पोरीला उपाशी ठिवलंस? लई शानी हायेस गं आजी!"

कोंडाबाईला असं आजवर कोण बोललं होतं? जिभेच्या टोकावर उत्तर आलं, चांगलं झणझणीत. तिने ते गिळलं. मागायला शब्द हवे होते. ते तिच्या घरात कधी लागलेच नव्हते. तिने नुसती झोळी पुढे केली.

"आन हिकडं. दूध काय मागाय लागतंय व्हय?"

धनगरीण कातळावर टेकली. एका अंगाला आपलं लेकरू, दुसऱ्या अंगाला परकं. नातीच्या इवल्या कंठातून एक घोट उतरला. मग दुसरा. मग झऱ्यासारखा, मंद, अखंड, घोटामागून घोट.

कोंडाबाई बघत राहिली. धनगरणीची भेगाळली टाच समोर होती, काटा मोडून सुजलेली. अख्खं गाव जिच्यापुढे दबून असे ती बाई धुळीत बसली, आणि तिने तो पाय मांडीवर घेतला.

"अगं आजी, पाय नगं..."

"हलू नकोस मेले! पितीय ती."

आणि नखाच्या टोकाने ती काटा काढू लागली, हळू, हळू, जशी कुणी पोटच्या लेकीचा काढते. वर नातीच्या ओठांवर दूध, खाली आजीच्या मांडीवर पाय. आणि भोवती सह्याद्री, उन्हात न्हालेला, स्तब्ध, तृप्त.