नव्या इंजिनाची पाटी

हबीबने गाडीखाली आडवे होऊन चेंबरचा बोल्ट सोडला आणि काळे तेल पसरट डब्यात पडू लागले. मुकुंदराव चिंतलवार धोतराचा सोगा वर खोचून शेजारी उकिडवे बसले होते. एरवी गाडीचे तेल उतरताना ते डोळ्याची पापणी लवू देत नसत. आज मात्र त्यांची नजर गॅरेजच्या दाराकडे होती.

दारावर नवी पाटी लागली होती, 'हबीब मोटार रिपेरिंग'. एक अक्षर उभे तर दुसरे झोपलेले. पहिला 'ह' एवढा फुगला होता की शेवटच्या 'रिंग'ला जागाच उरली नव्हती. तो बिचारा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता.

"ही कोणाकडून रंगवली रे?" मुकुंदरावांनी विचारले.

"सांगतो," हबीब गाडीखालूनच म्हणाला. "आधी तेल पडू द्या."

त्या काळी पांढरकवड्यात खाजगी गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. खेमसिंग ठेकेदाराची जीप, आणखी एकदोन, आणि मुकुंदरावांची जुनी ऑस्टिन. रविवारी सकाळी ही मंडळी हबीबच्या बाकड्यावर जमत आणि कोणाची गाडी गॅलनला किती मैल जाते यावर चहा थंड होईपर्यंत वाद घालत. मुकुंदरावांचे कापडाचे दुकान होते, पण जीव गाडीत. गिऱ्हाईक थान उलगडून बसलेले असले तरी रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की त्यांचा गज हातातच राहायचा. हौसेला मोल नाही म्हणतात, ते त्यांच्याकडे पाहूनच म्हटले असावे.

गेल्या पावसाळ्यात ऑस्टिन धूर ओकू लागली. हबीबने इंजिन उतरवले, नागपूरहून बोअर करून आणले, नवे पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. तीन महिने गाडी विटांवर उभी होती. चाकावर आली तेव्हा हबीबने बजावून सांगितले होते, पाचशे मैल होईतोवर काटा तीसच्या वर न्यायचा नाही. नव्या रिंगा अंगवळणी पडायच्या आत गाडी हाणली तर केलेली मेहनत पाण्यात जाईल.

म्हणून मुकुंदरावांनी मागे लावायला पाटी करून घेतली. लाल पत्रा, त्यावर पांढरी अक्षरे: 'इंजिन नवे आहे. पुढे जा.' रंगवली होती देवरावने. कापसाच्या हंगामात देवराव जिनात काम करायचा आणि उरलेले वर्ष पाट्या रंगवायचा. अक्षर असे की ओळ आखायचीही त्याला गरज पडत नसे. छप्पन साली त्याच्या वस्तीने बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा विहाराची पाटी त्यानेच रंगवली होती. चार वर्षे झाली तरी तिचा रंग तसाच होता.

जानेवारीत, ऐन हंगामात, भर दुपारी जिनातली चार माणसे दुकानासमोर धावत आली. देवरावचा उजवा हात सरकी काढणाऱ्या यंत्राच्या रुळात सापडला होता. गावच्या डॉक्टरांनी पट्टी आवळून बांधली आणि ताबडतोब यवतमाळला न्यायला सांगितले. एस.टी. निघून गेलेली, जीप जंगलात, जिनाचा ट्रक वणीला. मुकुंदराव गल्ल्यावरून तसेच उठले आणि त्यांनी गाडी काढली. यात खोटे काही नव्हते. मागच्या सीटवर त्यांनी कोऱ्या मांजरपाटाचे अख्खे थान अंथरले. लोक म्हणाले, काय मन आहे माणसाचे. मन सीटच्या कापडात अडकले होते, हे एकट्या मुकुंदरावांना ठाऊक.

यवतमाळ त्रेचाळीस मैल. मोहद्यापर्यंत रस्ता खड्ड्यांचा होता. जखमी माणसाला धक्के बसू नयेत म्हणून आपण सावकाश चाललो आहोत, असे ते स्वतःला सांगत होते आणि तोवर ते खरेही होते. पुढे रस्ता सरळ लागला. काटा तीसवर होता. पाय दाबला की इंजिनाचा आवाज बदलायचा, आवाज बदलला की मुकुंदरावांचा पाय आपोआप वर यायचा. मागे देवराव कण्हत होता. त्या कण्हण्याने पाय तसा आपोआप खाली गेला नव्हता, हे त्यांना नंतर उमगले आणि त्याची त्यांना फार लाज वाटली.

जोडमोह्याच्या अलीकडे कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक मागून आला. पाटी वाचून त्याने हॉर्न दिला, बाजूने पुढे निघाला आणि ड्रायव्हरने जाता जाता हात हलवला.

नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन बसलेली नलू म्हणाली,

"शेठजी, जराशी जोरात नाही जात का?"

"यापेक्षा नाही जात, बाई."

शब्द तोंडातून गेले ते गेलेच.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मुकुंदरावांनाच बाजूला घेतले, कारण त्यांच्या अंगात कोट होता. "अर्धा तास आधी आले असते तर हात वाचवून पाहिला असता," ते म्हणाले. "आता तो धोका मी घेणार नाही." देवरावचा हात कोपरापासून काढला. 'वाचवून पाहिला असता' म्हणजे वाचलाच असता असे नाही, हा अर्थ मुकुंदरावांनी त्यानंतर रात्रंदिवस घोळवला, पण त्याने झोप काही आली नाही.

गावात त्यांचे नाव झाले. वस्तीवरच्या लोकांनी विहारात बोलावून त्यांना हार घातला. ते मान खाली घालून उभे राहिले, तर लोकांना तो विनय वाटला. घरी येऊन त्यांनी लाल पाटी सोडली, डिकीत टाकली आणि गाडीवर ताडपत्री ओढली. रविवारी बाकड्यावर जाणेही सुटले. खाई त्याला खवखवे. आज दोन महिन्यांनी हबीबच घरी आला होता आणि तेल बदलायचे म्हणून गाडी ओढून घेऊन आला होता.

हबीब बाहेर निघाला. डब्यातले तेल त्याने बोटावर घेतले, उन्हात धरले, अंगठ्याने चोळले.

"तेल तर लोण्यावानी हाय, शेठजी. लोखंडाचा कण नाही, चमक नाही."

"म्हणजे चांगलं ना?"

"चांगलं? असं नीट बसलेलं इंजिन मी नाही पाह्यलं. एक डावही तीसच्या वर नाही गेलं हे."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते हबीबच्या ध्यानात आले. बोटे स्वच्छ झाली तरी तो ती चिंधीला पुसत राहिला. मुकुंदराव तेलाच्या डब्याकडे पाहत होते. शेवटी हबीबने फळीवरून एक पुडके काढले आणि बॉनेटवर ठेवले. नव्या रिंगा होत्या, कागदही फोडलेला नव्हता.

"देवराव आलता माह्याकडं. नव्या इंजिनले हाणलं तर रिंगा जाते, हे मीच त्याले एकडाव बोललो होतो. तेच धरून बसला. म्हणे, शेठजीनं माह्यापायी गाडी हाणली असन, इंजिन गेलं असन, अन् ते तोंडानं बोलत नाहीत. नागपूरहून रिंगा मागव. मी म्हटलं, अरे बाबा, पैसे देशीन कुठून? तर म्हणे, तुही पाटी रंगवून देतो." हबीबने दाराकडे हात केला. "डाव्या हातानं. तीन दिवस लागले त्याले."

मुकुंदरावांनी पाटी पुन्हा पाहिली. कोपऱ्यात दबलेला तो 'रिंग' पाहून मघाशी त्यांना हसू आले होते.

"मीबी तेच समजलो होतो, शेठजी," हबीब हळूच म्हणाला. "म्हून तर मागवल्या."

"मग बसव त्या."

"चांगल्या काढून?"

"हो. मी सांगतो ना."

"बसलेलं इंजिन मी उघडत नाही, शेठजी. लागन तर दुसरीकडं न्या."

हबीबने बोल्ट कसला, नवे तेल ओतले, बॉनेट लावले. हे सगळे त्याने वर न पाहता केले. मुकुंदरावांनी पुडके कोटाच्या खिशात टाकले आणि गाडी केळापूरच्या रस्त्याला घातली. आज सांगून टाकायचे, एवढेच त्यांच्या मनात होते.

देवरावचे घर रस्त्याच्या कडेलाच होते. नलू अंगणात तुरी पाखडत होती.

"ते रंग आणाले गेले. येतीनच," ती म्हणाली आणि बसायला पाट सरकवला.

मुकुंदराव उभेच राहिले. "रिंगा लागल्या नाहीत, बाई. इंजिन चांगलं आहे. खराब झालंच नव्हतं ते."

सूप हलत राहिले.

"मले माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"गाठींनी भरलेला ट्रक पुढं निघून गेला, शेठजी. आपुन तीन माणसं होतो."

"डॉक्टर म्हणाले होते, अर्धा तास आधी—"

"म्हनले असतीन. सांगून हात येते का?"

"मी देवरावला सांगतो. त्यासाठीच आलो."

नलूने सूप खाली ठेवले.

"तुमाले मोकळं होयाचं हाय. त्याईचं काय? दीड महिना भितीकडं तोंड करून पडून होते. जेवत नोयते, बोलत नोयते. शेठजीचं इंजिन आपल्यापायी जळलं, हे मनात आलं तवा उठून बसले. त्या रिंगापायी डाव्या हातात बुरूश धरला. आता तुमी सांगान का काईच नाही जळलं. मंग?"

मुकुंदरावांनी अंगणाबाहेर उभ्या गाडीकडे पाहिले.

"तुमच्यापाशीच ठेवा ते," ती म्हणाली. "गाडी तुमीच काढली, हेबी मी इसरली नाही. अन् ट्रकबी इसरली नाही."

तेवढ्यात देवराव आला. उजवी बाही दुमडून पिनेने टाचलेली, डाव्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा. गाडी पाहून त्याची पावले भराभर पडू लागली.

"टाकल्या का रिंगा, शेठजी?"

नलूने सूप उचलले होते. तुरींकडेच पाहत होती. मुकुंदरावांचा हात खिशातल्या पुडक्यावर होता.

"टाकल्या," ते म्हणाले.

"लई खराब झालतं इंजिन?"

"झालतं थोडं."

देवराव हसला. हात गेल्यापासून त्याला हसताना त्यांनी प्रथमच पाहिले. त्याने बॉनेटवर हात फिरवला, गाडीभोवती चक्कर मारली आणि मागे येऊन थांबला.

"पाटी कुठं गेली?"

"डिकीत आहे. आता काय करायची तिला?"

"आता काय म्हणजे? रिंगा नव्या, तं इंजिनबी नवंच झालं. हबीब बोलला नाही का? परत पाचशे मैल सावकाश."

मुकुंदरावांनी डिकी उघडून पाटी काढली. जॅकवर घासून तिचा एक कोपरा खरवडला होता, 'जा'चा काना अर्धा गेला होता. देवरावने ती मांडीवर घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"चांगलं निघालतं हे," तो म्हणाला. दुसऱ्या कुणाच्या हातचे काम पाहावे तसे म्हणाला.

मग डबा उघडून त्याने डाव्या हाताने काना ओढला. रेघ थरथरली, जरा तिरपी गेली. बाकीची नऊ अक्षरे सरळ होती आणि शेवटचे तेवढे कलले. देवरावने ते फुंकर घालून वाळवले. पाटी गाडीला लावायची तार दोन हातांनी पिळावी लागते. तो म्हणाला,

"तुमी धरा, मी पिळतो."

मुकुंदरावांनी दोन्ही हातांनी पाटी धरली. देवरावने एका हाताने तार पिळली, तीन वेळा सुटली, चौथ्यांदा बसली. दोघांची डोकी जवळ आली होती. मुकुंदरावांना त्या वेळी सगळे बोलून टाकावेसे वाटले. ते पाटी घट्ट धरून राहिले.

"माह्यापायी एकडाव झालं ते झालं," देवराव उठत म्हणाला. "आता कोणी कितीबी घाई केली तरी तीसच्या वर नेऊ नका. पाचशे झाले का या, मी काढून देतो पाटी."

"येईन," मुकुंदराव म्हणाले.

गाडी रस्त्याला लागली. आरशात देवराव डावा हात वर करून उभा होता, त्याच्यामागे नलू सूप घेऊन. रस्ता सरळ आणि मोकळा होता. नवे तेल पडलेले इंजिन सुरेख चालत होते, जरा पाय दाबला असता तर पन्नासला गेले असते. मुकुंदरावांनी काटा तीसवर ठेवला. थोड्या वेळाने मागून गाठींचा ट्रक आला आणि त्याने हॉर्न दिला. मुकुंदरावांनी गाडी कडेला घेतली आणि हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली.