घट्ट झाकणाचा डबा

मित्रांनो, माझ्या तळाशी १९९० हे साल कोरलेले आहे, त्यामुळे मी जुना स्टीलचा डबा आहे हे मला लपवता येत नाही. सालाशेजारी 'सौ. द्वारका' असे टिंबाटिंबांनी लिहिले आहे. दिल्लीतल्या वजीरपूरच्या एका कारखान्यात माझा पत्रा कापला गेला, यंत्राखाली दाबून मला आकार दिला गेला आणि दोन बाजूंना दोन क्लिपा बसवल्या गेल्या. माझी लांबी एक वीत, उंची चार बोटे. पावाचे दोन काप एकावर एक ठेवले तर आत बरोबर बसतात.

मला द्वारकाबाईंनी आणले. त्यांचे यजमान मुरलीधर सरकारी सांख्यिकी कार्यालयात होते आणि बदली होऊन दिल्लीत आले होते. त्यांचा मुलगा अविनाश पहिलीत गेला, त्याच्यासाठी मी. सहा वर्षे मी त्याच्या दप्तरात फिरलो. पोळी-भाजी, शिरा, कधी गूळ-तूप-पोळीचा लाडू. अविनाश मला रोज रिकामा परत आणायचा आणि द्वारकाबाई मला उघडून म्हणायच्या, "शाबास." ते त्याला म्हणायच्या की मला, याचा मी कधी निर्णय केला नाही.

मग अविनाश मोठा झाला आणि मी मयूर विहारच्या या घराच्या माळ्यावर गेलो. तिथे पंचवीसहून अधिक वर्षे होतो. द्वारकाबाई गेल्या तेव्हाही मी माळ्यावरच होतो. खालून रडणे ऐकू आले. कोण गेले ते मला बऱ्याच दिवसांनी कळले, स्वयंपाकघरातली एक हाक ऐकू येईनाशी झाली तेव्हा.

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस मला खाली काढले. घरात आता चार माणसे होती. बहात्तर वर्षांचे मुरलीधर, ज्यांना नात आबा म्हणते. अविनाश, जो मेट्रोने ऑफिसला जातो. त्याची बायको लतिका. आणि त्यांची मुलगी निधी, वय सहा, पहिलीतली.

लतिका गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत काम करते. गाडीच्या पुढच्या खणाचे झाकण, दाराची मूठ, सीटच्या पट्ट्याचे बटण किती जोर लावल्यावर उघडते ते मोजायचे आणि जास्त जोर लागत असेल तर माल परत पाठवायचा, हे तिचे काम. नऊ वर्षे ते केल्यावर तिला मानेसरच्या कारखान्यात तपासणी विभागाची प्रमुख केले. त्यामुळे ती पावणेसहाला घर सोडू लागली. आधी मेट्रो, मग कंपनीची बस. परत यायला आठ वाजत. निधीचा डबा तोपर्यंत तीच भरत होती. त्याच आठवड्यात निधीच्या प्लॅस्टिकच्या डब्याचे झाकण तडकले.

"डबा मी करीन," आबा म्हणाले. "सँडविच करीन. पौष्टिक."

"बाबा, तुम्हाला चहा गाळता येत नाही," अविनाश म्हणाला.

"बत्तीस वर्षं देशाचे आकडे गाळले मी. काकडी काय चीज आहे?"

त्यांनी मला चिंचेने घासले, उन्हात ठेवले आणि निधीसमोर धरले. "हा तुझ्या आजीचा डबा. तुझा बाबा ह्याच्यातच खायचा. जपून वापर हं." निधीने मान डोलावली. मग आबांच्या लक्षात आले की माझी डावी क्लिप सैल झाली आहे. दप्तरात झाकण उघडले तर वह्या खराब होतील. त्यांनी पक्कड आणली, क्लिप आत वळवली, दोनदा दाबली आणि स्वतःच्या अंगठ्याने उघडून पाहिली. 'टक्' असा आवाज आला. "आता हलणार नाही," ते समाधानाने म्हणाले.

मित्रांनो, पुढे जे झाले ते सगळे त्या पकडीने झाले. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते आणि सांगता येत नव्हते.

आबांचे काम मात्र चोख होते. ब्रेडच्या पाकिटामागची बारीक अक्षरे ते भिंग घेऊन वाचत. वर 'आटा ब्रेड' आणि आत पहिला शब्द मैदा असेल तर पाकीट दुकानातच राही. पहिल्या दिवशी त्यांनी काकडी तशीच भरली आणि तासाभरात पाव ओला झाला. दुसऱ्या दिवसापासून ते काकडीला मीठ लावून दहा मिनिटे ठेवत, पिळून घेत आणि दोन्ही कापांना आतून लोण्याचा पातळ हात देत, म्हणजे पाणी पावात शिरत नाही. दही रात्री फडक्यात टांगत. त्या घट्ट चक्क्यात किसलेले गाजर आणि चिमूटभर मिरपूड. मोड आलेली मटकी वाफवून, ठेचून, वर लिंबू. पनीर कुस्करून त्यात बारीक कोथिंबीर. केळ्याच्या चकत्या आणि दाण्याच्या कुटात कालवलेला गूळ. मेतकूट आणि लोणी. सँडविचचे चार त्रिकोण कापायचे, कारण लहान हातात मोठा तुकडा सुटतो. मग मलमलच्या रुमालात गुंडाळून माझ्यात ठेवायचे. द्वारकाबाईंनंतर इतक्या प्रेमाने मला कोणी भरले नव्हते.

शाळेत मधली सुट्टी दहा वाजून वीस मिनिटांनी होते आणि पंधरा मिनिटे टिकते. पहिल्या दिवशी निधीने मला बाकावर ठेवले आणि डाव्या क्लिपेवर अंगठा ठेवला. मी जमेल तेवढा सैल झालो. पत्र्याला जमते तेवढेच. तिने दोन्ही अंगठे लावले. शेवटी ती मला घेऊन बाईंकडे गेली.

बाईंनी 'टक्' करून मला उघडले आणि हसून म्हणाल्या, "निधी, फर्स्ट क्लास में आ गई हो. टिफ़िन तो ख़ुद खोलना सीखो, बेटा."

मागून कोणीतरी "बेबी!" म्हणाले आणि अर्धा वर्ग हसला. बाईंचा हेतू वाईट नव्हता. पण त्यानंतर निधी मला घेऊन त्यांच्याकडे गेली नाही.

शाळेत हेमलता नावाची एक आया आहे. दोन वर्ग तिच्याकडे आहेत. ज्या दिवशी सुट्टीच्या वेळी ती निधीच्या वर्गात असे, त्या दिवशी ती बाकांमधून चालता चालता कोणी न सांगता सगळ्यांची झाकणे उघडत जाई. "खाओ, खाओ, घंटी बजने वाली है." त्या दिवशी निधी चारही त्रिकोण संपवत असे. ज्या दिवशी हेमलता शेजारच्या वर्गात असे, त्या दिवशी मी भरलेला घरी येई.

आबांना हे कुठून कळणार? त्यांनी जे त्यांना येते ते केले. तक्ता आखला. तारीख, सारण, दिले, उरले.

"हे बघ," तिसऱ्या आठवड्यात त्यांनी लतिकाला तक्ता दाखवला. "केळं आणि दाण्याचं कूट, दोनदा दिलं, दोन्हीदा फस्त. मटकी एकदा, फस्त. पनीर तीनदा, तिन्हीदा परत. मुलीला पनीर आवडत नाही. आकडे खोटं बोलत नाहीत."

"दिल्लीत राहून पनीर नाही आवडत?" अविनाश म्हणाला. "बाबा, हिला इथून हाकलून देतील."

लतिका हसली नाही. तिने निधीला जवळ घेऊन विचारले, "का गं नाही खाल्लंस?"

"भूकच नव्हती."

"खोटं नको बोलू."

"बिल्कुल नव्हती, आई."

दुसऱ्या दिवशी आबांनी मोठ्या विश्वासाने केळे आणि कूट दिले. हेमलता शेजारच्या वर्गात होती. आबांनी मला उघडले, चार त्रिकोण तसेच पाहिले आणि तक्त्यात 'उरले'खाली चार लिहिले.

नोव्हेंबरात प्रदूषणाने हवा बिघडली म्हणून शाळा आठ दिवस बंद राहिली. निधी घरी ताटलीतून तीच सँडविचेस खात होती, पनीरचीसुद्धा. मला वाटले, आता आबांना उलगडेल. त्यांनी तक्त्यात नोंद केली, 'घरी गरम असते', आणि शाळा उघडल्यावर सँडविच तव्यावर भाजून द्यायला सुरुवात केली. मी पुन्हा भरलेला परत येऊ लागलो.

डिसेंबरात निधीचे वजन केले तेव्हा ते दीड किलोने कमी भरले. त्या संध्याकाळी लतिका स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच बोलली. "बाबा, तुमचा दोष नाही. पण सहा वर्षांची मुलगी सकाळी सात ते दुपारी एक उपाशी राहते. थंडीच्या सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आत मी मानेसर सोडते."

"नऊ वर्षं झिजलीस त्याच्यासाठी."

"हो. माहीत आहे मला."

निधी दारात उभी होती. आई घरी राहणार म्हणून तिला बरे वाटले की भीती वाटली, ते मला सांगता येणार नाही. मी ओट्यावर होतो आणि माझे झाकण बंद होते. मित्रांनो, त्या रात्री मला एकच हवे होते. कोणीतरी मला नीट पाहावे आणि हा डबा नालायक आहे असे म्हणावे.

चौदा जानेवारीला हे कुटुंब दरवर्षी मराठी मंडळाच्या बसने पानिपतला, लढाईच्या स्मारकाशी, काला अंबला जाते. त्या दिवशी तिथे दिल्लीतली आणि महाराष्ट्रातून आलेली पुष्कळ मराठी माणसे जमतात. लतिकाने रजा घेतली होती. राजीनाम्याचे पत्र तिच्या फोनमध्ये तयार होते, हे तिने बसमध्ये अविनाशला सांगितले. मी आबांच्या पिशवीत होतो.

धुके उशिरा उठले. भाषणे संपल्यावर सगळे हिरवळीवर बसले. आबांनी मला निधीच्या मांडीवर ठेवले आणि ते ओळखीच्या लोकांकडून तिळगूळ घ्यायला गेले. लतिका समोर बसली होती. तिला कुठेही जायची घाई नव्हती. निधी आणि मी एकत्र असताना ती आम्हाला पहिल्यांदाच पाहत होती. सकाळी तिच्या जाण्यानंतर मी भरला जाई आणि ती येईपर्यंत धुऊन पालथा पडलेला असे.

निधीने डाव्या क्लिपेवर अंगठा ठेवला. नख पांढरे झाले. दुसरा अंगठा लावला. मग तिने मला हळूच गवतावर ठेवले.

"भूक नाही, आई."

लतिकाने मला उचलले आणि क्लिपेवर एक बोट ठेवून सावकाश दाबले, कारखान्यात दाबते तसे. पुन्हा दाबले. 'टक्'.

"निधी, शाळेत हा कोण उघडून देतं तुला?"

"हेमलता दीदी. ती आली तर."

"आणि नाही आली तर?"

"मग मी पाणी पिते."

लतिकाने मला बाजूला ठेवून निधीचे दोन्ही अंगठे हातात घेतले. आबा तिळगूळ घेऊन परत आले तेव्हा ती तशीच बसली होती.

"बाबा, ही क्लिप इतकी घट्ट कोणी केली?"

"मीच. पकडीनं. का?" त्यांनी मला बंद करून उघडून पाहिले. "उघडतो की."

"तुमच्या अंगठ्यानं, बाबा. असं झाकण आमच्याकडे आलं ना, तर मी सगळा माल परत पाठवते."

आबा गवतावर बसले. तिळगूळ मुठीतच राहिला. "मला सांगितलं का नाहीस गं?" त्यांनी निधीला विचारले.

"तुम्ही म्हणाला ना, आजीचा डबा. जपून वापर. तुम्हाला बुरं वाटलं असतं."

आबांनी मुठीतला तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. अविनाशला मात्र राहवले नाही. "म्हणजे बाबा, दोन महिने तुम्ही पनीरवर उगाच खटला भरला."

निधीला हसू आले. मग तिने आईच्या मांडीवर बसून चारही त्रिकोण खाल्ले. त्यात पनीरच होते.

पत्र पाठवले गेले नाही. दुसऱ्या दिवशी आबा निधीला घेऊन बाजारात गेले. तिथे त्यांनी नवे सात डबे तिच्या हातात देऊन तिच्याकडूनच उघडून घेतले. दुकानदार म्हणाला, "अंकलजी, ख़रीदना है या इम्तिहान लेना है?" जो एका बोटाने उघडला, तो घरी आला. अविनाशने माझी क्लिप सैल करायची तयारी दाखवली होती, पण लतिका म्हणाली, "राहू दे. तो मी नेते."

तेव्हापासून मी मानेसरला जातो. आबा आता दोन सँडविचेस करतात. काम आहे, मान आहे आणि झाकण आता मजबूत अंगठ्याने उघडते. माझी तक्रार नाही. तरी दहा वाजून वीस मिनिटे झाली की मला तो बाक आठवतो, ते कोवळे हात आठवतात, आणि त्या हातांना मी उपाशी ठेवले हेही आठवते.

मित्रांनो, एक विनंती आहे. डबा उघडत नसेल तर मोठ्याने सांगा. दोष झाकणाचा असतो, तुमचा नसतो. कोणाला वाईट वाटेल म्हणून उपाशी राहू नका. आणि हे तुम्हाला वाचून दाखवणारे कोणी मोठे माणूस असेल, तर त्यांनी डबा भरण्याआधी तो रिकामा तुमच्या हातात द्यावा आणि एकदा उघडायला सांगावे. चव त्यानंतर.

लतिकाची जेवणाची सुट्टी सव्वाएकला असते. ती मला उघडते, पहिला घास घेते आणि फोन समोर ठेवते. थोड्या वेळात आबांचा फोटो येतो. नुकत्याच शाळेतून आलेल्या निधीचा नवा डबा, आत मलमलचा रुमाल आणि पावाचे चार कण. लतिका तो मोठा करून पाहते, मग उरलेले सँडविच शांतपणे खाते. त्या फोटोत मी नसतो. मला तिथे असावेसे वाटते. पण तो यायला दोन मिनिटे उशीर झाला, तर लतिकाच्या आधी मीच त्याची वाट पाहू लागतो.