मागच्या खोलीतला दिवा

वडिलांनी डोळ्यांवरचा अवजड चष्मा सारखा केला आणि रिकाम्या प्रयोगशाळेच्या मधोमध उभं राहून समोरच्या हवेत दार ढकललं.

"स्वयंपाकघर ऐसपैस आहे हं. कुणाचं घर हे?"

"अजून कुणाचंच नाही. सोमवारपासून भिंतींत वायरिंगचे पाइप घालणार आहेत," मुलगी म्हणाली. "तुम्ही आपले फिरा. जे नको असेल ते बंद करा."

हे घर तिने दोन वर्षं खपून, बांधकामाच्या नकाशांवरून जसंच्या तसं संगणकात उभारलं होतं; तो चष्मा चढवला की त्यात फिरता येई. खोलीत शिरलं की दिवा आपोआप लागे, विझवायचा मात्र हाताने. वीज किती जातेय ते भिंतीवरचा आकडा सांगे. आकडा डोळ्यांसमोर असला की माणसं वीज वाचवतात, हे तिला दाखवायचं होतं आणि त्यावरच तिची पीएचडी उभी होती. एकतीस माणसं या घरात फिरून गेली. सगळ्यांनी सगळीकडचे दिवे विझवले, पण मागच्या खोलीतला एकानेही नाही. का, असं विचारल्यावर बहुतेकांनी 'विसरलो' वर खूण केली होती. कारण सापडत नसेल तर प्रयोग पहिल्यापासून कर, असं मार्गदर्शक मॅडमनी सकाळीच सुनावलं होतं. तेव्हापासून तिने काही खाल्लं नव्हतं. डबा द्यायला आलेल्या वडिलांना तिने चष्मा चढवला, तो काही सुचेनासं झालं म्हणून.

वडील जन्मभर वायरमन. दिवा चालू ठेवून खोली सोडणारा माणूस त्यांच्या लेखी कामातून गेलेला. राहत्या घराचं वायरिंगही त्यांच्याच हातचं, आणि तिथल्या मागच्या खोलीतल्या दिव्यावरून आई तीस वर्षं बोलणी खात आली होती.

एकेक दिवा विझवत ते मागच्या खोलीत शिरले, खिडकीपाशी रेंगाळले आणि बाहेर आले. मुलीसमोरच्या संगणकाच्या पडद्यावर दिवा तसाच जळत होता.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"मी काय केलं?"

"दिवा."

वडिलांचा चेहरा पडला. ते तसेच मागे वळले. त्यांचा हात सवयीने चौकटीशेजारी गेला आणि हवेतच दोन-तीनदा चाचपडला. मग त्यांनी दार लोटलं आणि वाकून पाहिलं.

"हे बघा, डॉक्टरीणबाई. बोर्ड दारामागे. दार उघडलं की झाकला जातो. बिजागऱ्या कुणी फिरवल्या?"

तिने भराभर नकाशे उघडले. पलंग बसत नाही म्हणून आर्किटेक्टने दार दुसऱ्या बाजूला उघडतं केलं होतं. विजेचा नकाशा जुनाच राहिला होता, आणि तिने दोन्ही जसेच्या तसे उतरवले होते.

"पण एकतीस जणांत एकही बोलू नये?"

"बोलतील कशाला? बटण हाताला लागलं नाही की माणसाला वाटतं, आपणच विसरलो."

तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग तेवढी एकच खोली पुन्हा तपास. तिने कळवताच साइटवरच्या इंजिनिअरने तर आभारच मानले. त्या इमारतीत तसल्या ऐंशी खोल्या व्हायच्या होत्या. तिने 'हुश्श' करून खुर्चीत अंग टाकलं आणि डबा उघडला. आता कुठे तिला कडकडून भूक लागली होती.

वडील मात्र चष्मा काढून मांडीवर घेऊन बसले होते. जरा वेळाने त्यांनी घरी फोन लावला.

"मागच्या खोलीतला दिवा चालू आहे का गं?"

"असेल," आईचा आवाज मुलीलाही ऐकू आला. "आता फोनवरूनही ओरडणार का?"

"नाही, तसं नाही. ते बटण... दारामागे जातं का? हातात कपडेबिपडे असले की दार लोटता येत नसेल."



"पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मी."

वडिलांनी चष्म्याचा पट्टा उगाचच घट्ट केला, मग सैल केला.

"राहू दे चालू," ते म्हणाले. "येताना नवा बोर्ड घेऊन येतो."