आठ किलो लसूण

कॅन्टीनमध्ये रोज आठ किलो लसूण मी एकटी सोलते. भिजत घातला की साली चटकन सुटतात, म्हणून सकाळपासून हात पाण्यातच. त्या ओलीनं दोन्ही हातांना नायटा झाला. खाज सुटायची, मी खाजवायची आणि कामाला लागायची.

मग लेक बाळाला घेऊन परदेशातून आली. दहा दिवसांसाठी, पुन्हा येणार ती तीन वर्षांनी. दारातच तिनं माझे हात पाहिले.

"आई, हे बरं होईपर्यंत बाळाला घेऊ नकोस. त्यालाही होईल."

बरोबरच होतं तिचं. तरी मला राग आला. याच हातांनी हिला न्हाऊमाखू घातलं होतं.

डॉक्टरांनी मलम दिलं, चार आठवडे लावायचं. चार आठवडे! मला चहा उकळेपर्यंत धीर निघत नाही.

कॅन्टीनचा आचारी म्हणाला, "मावशी, कच्चा लसूण ठेचून घट्ट बांधा. मुळासकट जाईल."

"अरे, लसणातच तर हात असतात माझे. त्यानं जायचं तर झालंच कसं?"

"तो पाण्यातला, मिळमिळीत. त्याला काय जोर?"

विनाशकाले विपरीत बुद्धी. मला ते पटलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी दोन्ही तळव्यांना ठेचलेला लसूण बांधला. आग आग झाली. मला वाटलं, झोंबतंय म्हणजे गुण येतोय. दात आवळून संध्याकाळपर्यंत बसले. फडकं सोडलं तर त्याच्याबरोबर कातडी आली. डॉक्टर म्हणाले, लसणानं भाजलंय. मनगटापर्यंत बँडेज बांधलं. लेक रागावलीसुद्धा नाही, तेच जास्त लागलं.

उरलेले दिवस बाळ चटईवर आणि मी समोर, हात मांडीवर ठेवून. माझ्याकडे बघून ते खुदकन हसायचं. मला माझीच चीड यायची.

निघायच्या दिवशी जावई सामान गाडीत ठेवत होते. लेक बाळाला घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"आई, बँडेज आहे ना. घे एकदा."

मी हात पुढे केले. बाळाचा भार आला आणि मस्तकात कळ गेली. बोटं मिटेनात. ते घसरायला लागलं, तसं लेकीनं सावरलं.

"राहू दे," मी म्हणाले. "झोपमोड होईल त्याची."

बाळ टक्क जागं होतं.