पहिलं हसू

आर्लिंडाने कोर्टाच्या कागदांचं पाकीट जॅकेटच्या आतल्या खिशात सरकवलं आणि ती ट्रकमधून उतरली. नळावर एक तरुण मुलगी दुसऱ्या एका जुन्या ट्रकवरच्या पिंपात पाइप सोडून उभी होती. कडेवर बाळ. वकिलाने दिलेल्या फोटोतली शेरील हीच.

नळापासून हाकेच्या अंतरावर, गुरांनी ओलांडू नये म्हणून, रस्त्यात लोखंडी दांड्या आडव्या टाकल्या होत्या. त्यांच्या पलीकडे डिने या मूळनिवासी जमातीची राखीव जमीन, तिथलं कोर्टही त्यांचंच. तिथे कौंटीच्या, म्हणजे बाहेरच्या जिल्ह्याच्या, कोर्टाचे कागद नेऊन कुणाच्या हातात देता येत नसत. नळ मात्र अलीकडे होता, म्हणून आर्लिंडा सकाळपासून इथेच थांबली होती. बाळाच्या बापाने शहरात दावा लावून ताबा मागितला होता. कागद हातात पडला की शेरीलला त्या परक्या कोर्टात बाळासाठी उभं राहावं लागणार.

नाव विचारायचं, कागद द्यायचा, निघायचं. एरवी तेवढंच काम. पण आर्लिंडाही डिनेच. समोर आपलं माणूस असताना कूळ न सांगता तोंड उघडणं तिला जमेना.

“मी कडू पाण्याच्या कुळातली.”

“अगं बाई, मीही!” शेरील म्हणाली. “म्हणजे तू मावशीच माझी. धर जरा याला, पिंप भरत आलंय.”

बाळ हातात आलंसुद्धा. कोमट, जड, दुधाच्या वासाचं. त्याने मान मागे टाकून तिच्याकडे गंभीरपणे पाहिलं.

त्या जुन्या ट्रकमधून शेरीलची आजी ओरडली, “सांभाळ गं! अजून हसला नाहीये तो. मामा लोक तर लांबूनच बघतात. मेंढी कापायला नको, चिकट मेले!”

बाळाला पहिल्यांदा जो हसवेल त्याने मेजवानी द्यायची, बाळाच्या हाताने प्रत्येकाला मीठ द्यायचं. आर्लिंडाच्या घरीही तेच चालत आलं होतं. तिने चेहरा कोरा केला.

तेवढ्यात वाऱ्याने तिची टोपी उचलली. एका हाताने तिने ती पकडली खरी, पण ती थेट नाकापर्यंत खाली आली. टोपीखालच्या अंधारात तिला एक आवाज ऐकू आला. खळखळून, उचकी लागावी तसा.

शेरीलच्या हातून पाइप सुटला. पाणी मातीत वाहू लागलं. या भागात वाहतं पाणी बघत कुणी उभं राहत नाही, पण ती उभी राहिली.

“आजी! हसला!”

आजी काठी टेकत आली. तिने आर्लिंडाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“ज्याने हसवलं त्याचा स्वभाव उचलतं पोर. हाताची सढळ आहेस ना गं?”

बाळाचा हात आर्लिंडाच्या जॅकेटच्या आत गेला होता, पाकिटाचा कोपरा त्याच्या मुठीत आला होता. तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली. बोटं पुन्हा मिटली, तिच्याच अंगठ्याभोवती.

“ते काय आहे?” शेरीलने विचारलं.

“तुमचं घर पलीकडे ना?”

“हो. त्या टेकडीमागे.”

“मग आत्ताच निघा. आणि उद्या कोर्टात जा. आपल्या कोर्टात. बाळ तुझ्यापाशीच राहावं असा अर्ज तू आधी कर.”

शेरीलचं हसू विरलं. तिने जॅकेटकडे पाहिलं, मग आर्लिंडाच्या चेहऱ्याकडे. बाळाला तिने ओढूनच घेतलं.

“याच्या बापाने पाठवलंय तुला?”

“त्याच्या वकिलाने. हे त्याचं त्याला परत करते मी.”

“आणि तुझं काम?”

“ते माझं मी बघते.”

“दुसरं कुणी येईल.”

“येईल. म्हणून सांगते, उद्याच जा.”

ट्रकमध्ये चढताना आजी वळली.

“दुकानातलं बारीक मीठ आणू नकोस हं. खडे आण. आणि मेंढी बघून घे, म्हातारी गळ्यात मारतील.”

ट्रक दांड्यांवरून खडखडत गेला. मागे थोडंसं अपुरं राहिलेलं पिंप हिंदकळत होतं. तो पार पलीकडे जाईपर्यंत आर्लिंडा टोपी हातात धरून उभी राहिली. मग खाली पडलेला पाइप तिने गुंडाळून ठेवला, नळ घट्ट बंद केला, आणि खडे मीठ कुठे मिळेल याचा विचार करत शहराच्या वाटेला लागली.