उलट्या तलवारीची सुलटी धार

कुरिअरवाल्याने ओटीपी मागितला तिथेच दौलतरावांचं डोकं फिरलं. ओटीपी वर्षालीच्या मोबाइलवर, वर्षाली पहिल्या शिफ्टला चाकणला, आणि हा बाबा दारात उभा राहून म्हणतोय, काका, लवकर सांगा, अजून चाळीस पार्सलं आहेत. शेवटी रुक्मिणीबाईंनी लेकीला फोन लावून आकडे विचारले आणि दोन हात लांबीचं ते खोकं एकदाचं घरात आलं.

वर्षाली ही दौलतरावांची एकुलती एक लेक. चाकणच्या एका जपानी कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. कामापायी जपानी भाषा शिकली, आणि भाषेच्या मागून तलवारीचा नाद घरात शिरला. दर रविवारी निगडीच्या एका हॉलमध्ये ती सरावाला जायची. चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये तिच्या खोलीच्या भिंतीवर तीन तलवारी टांगलेल्या होत्या: एक लाकडाची, एक बांबूची, एक बोथट पात्याची. तिन्हींनी मिळून एक भेंडीसुद्धा चिरली नसती. ही चौथी. हिच्यासाठी पोरगी आठ महिने वाट बघत होती, आणि रोज जेवताना तिचे फोटो दाखवून आईबापाचं डोकं खात होती. दौलतराव ताटातून मान न उचलता हो हो म्हणायचे.

लेकीचं खोकं तिच्या माघारी उघडू नका, असं रुक्मिणीबाई म्हणाल्याच. पण ऐकतील ते दौलतराव कसले!

"आलेला माल आधी तपासायचा असतो," ते म्हणाले आणि त्यांनी चिकटपट्टीला ब्लेड लावलं.

तलवार बाहेर आली. काळं म्यान, मुठीवर विणलेली दोरी, झकपक पातं. दौलतरावांनी ती खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर चढवला आणि पात्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग त्यांनी जी शिवी हासडली ती इथे सांगण्यासारखी नाही.

पातं उलटं होतं. तलवारीची धार असते बाहेरच्या फुगीर बाजूला, हे शेंबडं पोरही सांगेल. इथे बाहेरची बाजू जाड, सपाट, आणि पातळ केलेली बाजू आत, मूठ धरणाऱ्याकडे. ही तलवार आहे का विळा? ऑनलाइनवाल्यांनी पोरीला सरळ सरळ टोपी घातली होती. आठ महिने थांबून हा रिजेक्ट माल!

आता हे दुसऱ्या कुणाच्या घरी झालं असतं तर त्याने कंपनीला फोन लावून शिव्या दिल्या असत्या. पण दौलतरावांची सगळी हयात धार लावण्यात गेली होती. औशाकडून आलेला हा माणूस पंचवीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ग्राइंडरवर उभा राहिला, आणि गेली दहा वर्षं भोसरीत त्याची स्वतःची शेड होती. टूलरूममध्ये तेव्हा एक बोलणंच होतं, दौलतरावच्या धारेला चेकिंग लागत नाही. इन्स्पेक्टर न बघता सही मारायचा. चुकीचा माल परत पाठवायचा नाही, रीवर्क करायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शेडमध्ये यंत्रांची, हत्यारांची पूजा. पूजेत लेकीची तलवार नीट करून मधोमध ठेवायची आणि तिला चकित करायचं, असं दौलतरावांनी ठरवलं. रुक्मिणीबाईंना सांगितलं, वर्षीनं विचारलं तर खोकं पूजेला शेडवर नेलंय म्हण, बाकी बोलू नको, उद्या आली की बघंल. तलवार चादरीत गुंडाळून ते शेडवर गेले.

काम मात्र जिकिरीचं निघालं. चाकाला पातं टेकवलं की चाक भरायचं, कीस त्यात रुतून बसायचा. ठिणगी म्हणून उडेना. "कसलं लोखंड हाय हे, का चाकच बाद झालंय?" असं म्हणत त्यांनी दोनदा चाक साफ केलं, मग वैतागून कानस घेतली, शेवटी ऑइलस्टोनवर हात चालवला. चार तास लागले. बाहेरच्या बाजूला धारेची बारीक रेघ उन्हात चमकली तेव्हा त्यांचा ऊर भरून आला. धार लागली का हे बघायला त्यांनी कागदाचा कपटाही कापला नाही. ते स्वतःची धार कधी तपासत नसत.

खंडेनवमीला शेडमध्ये झेंडूची तोरणं लागली, यंत्रांना हळदकुंकू लागलं, आणि मधोमध पाटावर तलवार. शेजारच्या शेडचा मालोजी प्रसादाला आला तो बघतच राहिला. "राव, ही कुठून पैदा केली?" दौलतराव मिशीतल्या मिशीत हसले.

वर्षाली शिफ्ट संपवून तशीच शेडवर आली. पाटासमोर बसली, नमस्कार केला, आणि पात्याकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"पप्पा, हे काय केलंत?"

"सुलटी केली. उलटी पाठवली हुती लेकाच्यांनी."

"अहो पप्पा, ती उलटीच असते!" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिचं नावच उलट्या धारेची तलवार. धार आपल्याकडे असते, समोरच्याकडे नाही. समोरच्याला मार बसावा, पण तो चिरला जाऊ नये, म्हणून. आणि ही तर शोभेची. तिला कुठल्याच बाजूने धार नव्हती."

मालोजी प्रसादाची वाटी घेऊन गुपचूप बाहेर सटकला. वर्षाली रागावली नाही, एवढंच म्हणाली, "जाऊ द्या, तुम्हाला काय माहीत." दौलतरावांना वाटलं, त्यापेक्षा पोरीने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पण खरा घोर पुढेच होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चौकीतून फोन आला. ऑनलाइन तलवारी मागवणाऱ्यांची यादी कुरिअरवाल्यांकडून पोलिसांनी काढली होती. यादीत वर्षालीचं नाव. उद्या दहा वाजता तलवार जशी आहे तशी घेऊन या. धार नसली तर शोभेची वस्तू, धार निघाली तर गुन्हा.

आणि पुढच्याच महिन्यात वर्षालीला जपानला जायचं होतं. कंपनीच्या मूळ कारखान्यात, अकरा महिन्यांच्या ट्रेनिंगला. चाकणच्या सगळ्या प्लँटमधून तिघांची निवड, त्यात ही एकटी मुलगी. पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन तेवढं राहिलं होतं, आणि ते ह्याच चौकीत. गुन्हा नोंदला की पासपोर्ट अडकला, पासपोर्ट अडकला की जपान गेलं. हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"घासून टाका की हो ती धार," रुक्मिणीबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "लावली तशी काढा."

दौलतराव उठलेच होते. वर्षालीने त्यांचा हात धरला. "नाही पप्पा. जशी आहे तशी आणा म्हणालेत. आता हात लावला तर आपण काहीतरी लपवलं असं होईल. मी सांगेन काय झालं ते."

"तू काय सांगनार? केलंय म्या," दौलतराव म्हणाले. त्या दिवशी त्यांना घास गिळवेना. पस्तीस वर्षांत हजारो टूलांना धार लावली, आणि नेमकी पोटच्या पोरीच्या पायावर ही एक पडावी!

चौकीत दहा-बाराजण तलवारी घेऊन बसले होते. फौजदार मॅडमच्या छातीवर नावाची पट्टी, विजयश्री. बोलणं कमी, नजर पक्की. टेबलाशेजारी पोलिसांच्या शस्त्रपूजेतला कोहळा होता, चांगला जून, पांढरी भुकटी धरलेला. मॅडमची रीत सोपी होती. तलवार हवालदाराकडे द्यायची, हवालदार कोहळ्यावर घाव घालणार, काय होतं ते कागदावर उतरणार.

त्यांच्या पुढे मारुंजीचा एक विक्की होता. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याने व्हिडिओ टाकला होता. "मॅडम, नुसती शो-पीस आहे," तो गयावया करत होता. हवालदाराने हात उचलला आणि कोहळ्याची सटकन दोन भकलं झाली. मॅडमनी मान वरही केली नाही. "बस तिकडे. वडिलांना बोलावून घे." विक्की भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसला आणि त्याने तोंड हातांत लपवलं.

दौलतराव त्या दोन भकलांकडे बघत राहिले. चार दिवसांपूर्वीच्या धारेला कोहळा म्हणजे काय! वर्षाली शेजारी ताठ बसून मांडीवरच्या फाइलीतले कागद पुन्हा पुन्हा मोजत होती.

"वर्षाली दौलतराव कोण?"

लेक उठायच्या आत बाप उठला. "मॅडम, आधी माझं ऐका. पोरीनं मागवली तवा हिला धार नव्हती. धार म्या लावली. माझा धंदाच हाय तो. मला वाटलं, उलटी आलीय. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. पोरीचा काय बी संबंध न्हाई."

"पप्पा!" वर्षाली म्हणाली.

मॅडमनी पहिल्यांदा नीट वर बघितलं. "काका, किती वर्षं करताय हे काम?"

"पस्तीस."

"म्हणजे धार चांगलीच असणार." त्यांनी तलवार हवालदाराकडे सरकवली. "बघा."

हवालदाराने कोहळ्याचं अर्धं भकल साल वर करून टेबलावर ठेवलं. त्याने तलवार म्यानातून काढली आणि ट्यूबलाइटखाली ती रेघ चमकली. आणि तेव्हा, अगदी तेव्हा, दौलतरावांना ती न उडालेली ठिणगी आठवली. लोखंड असतं तर ठिणगी उडाली असती. चाक भरलं नसतं. चाक ठणठणीत होतं. त्या दिवशी हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि त्यांच्या गर्वाने ते बघू दिलं नव्हतं. हे लोखंड नव्हतंच. हे जस्त असेल का? जस्ताची धार टिकते का? आजवर त्यांनी आई भवानीला धंद्यातलं एकच मागितलं होतं, हाताला यश दे. आज डोळे मिटून ते पुटपुटले, आई, आज माझी धार लागू देऊ नको. एवढ्या बारीला मला खोटा पाड.

हवालदाराने हात उचलला. थप्प असा आवाज झाला.

दौलतरावांनी डोळे उघडले. कोहळा जागच्या जागी. त्याची पांढरी भुकटी बोटभर पुसली गेली होती, बस्स. हवालदाराने तोंड वाकडं करून पुन्हा जोराने घाव घातला. कोहळा टेबलावरून घसरून खाली गेला आणि पातं मधोमध वाकलं. धारेची रेघ पापुद्र्यासारखी दुमडली होती.

कोपऱ्यातला एक शिपाई फिसकन हसला. मॅडमनी तलवार हातात घेतली, आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला, बाहेरच्या बाजूवरून फिरवला. अंगठ्याला ओरखडासुद्धा आला नाही.

"काका, तुम्ही तर म्हणालात धार लावली."

"लावली हुती, मॅडम." दौलतरावांनी दुमडलेल्या रेघेकडे बोट दाखवलं. "लागली न्हाई."

"पस्तीस वर्षांचा अनुभव ना तुमचा?"

हेच वाक्य एरवी कुणी बोललं असतं तर दौलतरावांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आता त्यांनी हात जोडले. "जस्ताचं हाय ते, मॅडम. मला कळायला पायजे हुतं, कळलं न्हाई. तसंच लिहा. दौलतरावनी लावलेली धार लागली न्हाई, असं लिहा. म्या सही करतो."

मॅडम हसल्या, आणि खरंच तसंच लिहून घेतलं. शोभेची वस्तू, कोणत्याही बाजूस धार नाही. खाली दौलतरावांनी सही केली, आणि सहीखाली आपणहून आपल्या शेडचा पत्ता घातला. वर्षालीची व्हेरिफिकेशनची फाइलही मॅडमनी तिथेच चाळली. "जपानला चाललीस? छान. तिकडून येताना मात्र तलवार आणू नकोस," त्या म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर दौलतराव चौकीच्या पायरीवरच बसले. वर्षाली त्यांच्या शेजारी बसली, वाकडी तलवार मांडीवर घेऊन, आणि तिला हसू आवरेना. हसता हसता रडली, मग पुन्हा हसली. दौलतरावांना एकाएकी कडकडून भूक लागली. समोरच्या गाडीवर दोघांनी उभ्याउभ्या दोन-दोन वडापाव खाल्ले आणि घरी फोन लावला, तेव्हा रुक्मिणीबाईंच्या तोंडून फक्त "आई गं" निघालं.

"पोरी, तुझी तलवार वाया घालवली की म्या," दौलतराव म्हणाले.

"वाया कशाला? चारही तलवारींत आता हीच भारी आहे," वर्षाली म्हणाली. "हिचं सर्टिफिकेट आहे पोलिसांचं. पण ही घरी नको. तुमच्या शेडमध्ये लावा, मी परत येईपर्यंत."

तलवार शेडच्या भिंतीवर लागली, वाकडी ती वाकडीच. दुसऱ्या दिवशी मालोजी आला. बातमी भोसरीभर झालेली होतीच. तो दारात उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि मोठ्या बेताने म्हणाला, "राव, ऐकलं ते खरं काय? तुमची धार लागली न्हाई म्हणे?"

शेडमधले दोघे कारागीर काम थांबवून मालकाच्या तोंडाकडे बघायला लागले. आता इथे काय भडका उडतो!

"न्हाई लागली," दौलतराव म्हणाले आणि पोट धरून हसले. "देवाची किरपा. बस राव, चहा सांगतो."