एका चुलीला एक पाटी

कोलशेतच्या खाडीतला मासा एका दिवसात आटला नाही. आधी जिताडा दिसेनासा झाला. मग बोय बोटाएवढी मिळू लागली आणि माणसं तीही उचलू लागली. शहाऐंशीच्या पावसाळ्यात देवीच्या देवळात सप्ताह होता. बुवा वर्तकनगरचे, आवाज असा गोड की टाळकरी टाळ विसरावेत. निरूपण करता करता ते म्हणाले, "बाबांनो, देवानं हात दिलाय तो नुसता घ्यायला नाही, आवरायलाही दिलाय." पुढं त्यांनी काय आळवलं ते धाकूला कळलंच नाही. डोळे पुसत तो तेवढंच घोकत बसला.

धाकू कोळी जमातीचा पाटील. नारळी पुनवेला जमात बसली तेव्हा त्यानं विषय काढला. "एका चुलीला एक पाटी मासा. पाणी ओहोटून सुकतीला लागलं की जाळं मांडायचं, पाटी भरली की काढायचं. पोटात गाभोळी, अंडी असलेला मासा परत पाण्यात."

चूल म्हणाला, कारण गावात कुटुंब मोजायचं ते चुलीवरूनच. सगळ्यांनी देवीपुढच्या नारळावर हात ठेवून शब्द दिला. एकाच बुरुडाकडून एका मापाच्या पाट्या आणल्या.

पहिलं वर्ष बरं गेलं. काठाला बोयीची पिल्लं वळवळताना दिसली की धाकू देवळाकडं तोंड करून हात जोडायचा.

मग एका सकाळी मारुती दारात आला. "पाटील, निखारा द्याला चला. मी नि भाऊ वेगलं जालो."

जुन्या चुलीतला निखारा पाटलाच्या हातून नव्या चुलीत जायचा, तेव्हाच जमात ती चूल मानायची. धाकू चिमटा घेऊन गेला. बघतो तर दोघे भाऊ एकाच ताटात भाकरी मोडत बसलेले.

"भांडण जालं ना रे तुमचं?"

"भांडण कशाला?" भाऊ हसला. "पाटी दुसरी पायजे."

धाकू चिमटा घेऊन तसाच मागं वळला. पण निखारा नाकारायचा म्हणजे माणसाचं अन्न तोडायचं. असं आजवर कुठल्या पाटलानं केलं नव्हतं. त्यानं निखारा दिला.

गावाला वाट सापडली. सासू-सुना वेगळ्या झाल्या, बाप-लेक वेगळे झाले. म्हाताऱ्या दगडाबाईच्या नातवांनी तिला गोठ्यात तीन दगड मांडून दिले.

"दगडाबाई, रांधतंस काय यावर?"

"चाय," म्हातारी म्हणाली. "जेवतंय पोरांकडंच. पण पाटी माझ्या नावाची हाय हां!" आणि बोळकं पसरून अशी हसली की धाकूलाही हसू आलं. घरी येईपर्यंत ते हसू जिरलं होतं.

त्यानं जमात पुन्हा बसवली. "नारळ ठेवला तवा होत्या तेवढ्याच चुली धरू."

"पाटील, शब्द तुमचा, नारल देवीचा," नाथा म्हणाला. तो जमातीतला सगळ्यात जुना माणूस. "तवा तुमी चूल बोललाव. आता देवीला काय सांगाचा, पाटील चुकला?"

कुणी हसलं नाही. कुणी धाकूच्या बाजूनंही बोललं नाही.

आता त्याच्याकडं एकच गोष्ट उरली होती, स्वतःचं घर. पाटलाची चूल एक राहिली तर उद्या चार माणसांना सांगायला तोंड राहील, असं तो धरून बसला.

खाडीत पाट्या वाढल्या, मासा परत घटला. आधी पाटी भरायला अर्धी सुकती पुरायची. आता पाणी तळाला जाईपर्यंत जाळं टाकून बसावं लागे. गाभोळी बघायला कुणाला सवड नव्हती.

"बाबा, मनाही चूल पायजे," दामाजी, त्याचा थोरला, एक दिवस म्हणाला. दामाजीची बायको सगुणा दाराआड उभी होती.

"तुला काय कमी परलं इथं?"

"मासा कमी परला. आपण एक पाटी आनतो, बाजूवाला तीन. आपण सोरलेला मासा तोच धरतो. मंग आपण राखतो कोनासाठी?"

"देवासाठी."

"देव बाजारात येत नाय, बाबा. नाय तं मी मानपाड्याला कंपनीत जातो. मंग ही एक पाटी पन कोन आनील?"

धाकूनं आवडाबाईकडं पाहिलं. बायको आपल्या बाजूनं बोलेल अशी त्याला आशा होती. ती उठली. परसात विटा आधीच मांडून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर तिनं पाणी शिंपडलं.

"तू पन?" तो म्हणाला.

"पोर गाव सोरून गेला तं चूल एक ठेवून त्यावर काय रांधू?"

तिनंच चिमटा त्याच्या हातात दिला. धाकूनं आपल्या चुलीतला निखारा उचलला आणि परसात आला. दामाजी, सगुणा, आवडाबाई, तिघं वाट बघत उभी होती. तो मधेच थांबला. निखाऱ्यावर राख चढू लागली. आणखी थोडा वेळ असंच उभं राहिलं, तर तो आपला आपण विझणार होता.

"विझल तो," आवडाबाई हळूच म्हणाली.

धाकूनं तोंड खाली नेलं आणि फुंकर घातली. निखारा लाल झाला. त्यानं तो नव्या चुलीत ठेवला. सगुणानं वर काटक्या रचल्या. धूर डोळ्यांत गेला म्हणून सगळ्यांनीच डोळे पुसले.

भात शिजायला ठेवण्याआधीच दामाजी नवी पाटी घेऊन खाडीकडं निघाला होता.